तपासणीचा शनिवार

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या. जिच्या बाबतीत घडली तिला मी आतून-बाहेरून ओळखते. ती आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलली, आणि ही त्याच खोट्याची गोष्ट आहे.

रात्रीची नाही. लाईट गेलेली नव्हती, वारा सुटलेला नव्हता. शनिवार होता. दुपारचे सव्वातीन वाजले होते. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते. आणि प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत...

पण आधी ती खोली समजून घ्या.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, मेजावरची भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. त्याच्या आदल्या दिवसाला सगळे तपासणीचा शनिवार म्हणतात. चार वाजल्यापासून एकेकाने मागच्या खोलीत जायचं. तिथं एक टेबल आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मंडळीचा पंच बसतो. दुसरी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. कबुली देणाऱ्याने तिच्यावर बसायचं, पंचाकडे पाठ करून. समोर चेहरा असला की माणूस सारवासारव करतो, असं जुने लोक म्हणत. महिनाभरात जे झाकलं, ते भिंतीला सांगायचं. पंच ऐकतो, प्रार्थना करतो, आणि जस्ताचा एक छोटा बिल्ला हातावर ठेवतो.

तो बिल्ला असेल त्यानेच रविवारी मेजापाशी जायचं. नसेल त्याने बाकावर बसून राहायचं.

सगळ्यांच्या देखत.

एकवीस वर्षं त्या खोलीत पंच म्हणून तिचे पप्पा बसले.

पप्पा बॉयलर इन्स्पेक्टर होते. लोक त्यांना हातोडीसाहेब म्हणत. बॉयलर एक दिवस आधी थंड करून रिकामा करायचा, मग पप्पा त्याच्या पोटात शिरायचे आणि छोट्या हातोडीने पत्र्यावर ठोके मारत जायचे. दोन ठोके, मग थांबून ऐकायचं. पुन्हा दोन ठोके. पत्रा धड असेल तर घंटेसारखा वाजतो. तडा असेल तर आवाज बसका येतो. थप.

"माणसाचंही तसंच असतं," पप्पा म्हणायचे. "ठोकून बघितल्याशिवाय कळत नाही."

आणि ठोकून बघायचेही. कुणी मजुराला शिवी दिली, कुणी शेजारणीचा हेवा केला, कुणी आजारपणाचं सोंग करून सुट्टी घेतली... पप्पा एकेक बाहेर काढायचे. लोक रडत बाहेर यायचे, आणि म्हणायचे, असा माणूस होणे नाही.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. पण ते फक्त तिला ठाऊक होतं.

चौदा वर्षांपूर्वीचा असाच एक शनिवार. गावाबाहेरच्या वाफेच्या लाँड्रीतला बॉयलर तपासायचा होता, दुपारी दोनला. बॉयलर थंड करून ठेवलेला. पण त्या दिवशी कबुलीला माणसं जास्त होती, म्हणून पप्पा दुपारपासूनच मागच्या खोलीत बसले. लाँड्रीचा मॅनेजर कागद घेऊन तिथंच आला. सोमवारी लाँड्री चालू व्हायला हवी होती. पप्पांनी टेबलावर कागद ठेवला, बिल्ल्यांची पेटी बाजूला सरकवली, आणि सही केली. 'आतून तपासला. दोष नाही.'

ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. डबा घेऊन गेली होती. दारातच उभी होती.

मंगळवारी बॉयलर फुटला.

कपडे पिळणाऱ्या दोन बायका जागीच गेल्या. भट्टीवर काम करणारे, मंडळीतलेच एक काका वाचले, पण मानेपासून कमरेपर्यंत भाजले. चौकशीत ते म्हणाले, इन्स्पेक्टर आलेच नाहीत, मी शनिवारी पाच वाजेपर्यंत थंड बॉयलरपाशी वाट बघत होतो. मॅनेजर म्हणाला, आले होते. चौकशीवाल्यांनी मग तिला विचारलं. शिकलेली मुलगी, नेमाने उपासनेला जाणारी. त्या दिवशी वडील हातोडी घेऊन बाहेर पडले होते का?

"हो," ती म्हणाली. "मी पाहिलं."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. भट्टीवाला दारू पिऊन झोपला, पाणी आटलं, बॉयलर फुटला, असा निकाल लागला. काकांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

पुढची दोन वर्षं काका दर तपासणीच्या शनिवारी यायचे. भिंतीकडे तोंड करून बसायचे. पप्पा मागून म्हणायचे, दारू प्यालो होतो एवढं कबूल कर, बिल्ला देतो. काका म्हणायचे, जे केलं नाही ते कसं कबूल करू? पप्पा म्हणायचे, पुन्हा विचार कर.

काका बिल्ल्याशिवाय गेले.

त्यांची बायको, लाँड्रीत इस्त्री करणारी, अजून दर रविवारी यायची. शेवटच्या बाकावर बसायची. मेजापाशी कधी गेली नाही.

आणि ती, पप्पांची मुलगी? तिने तोंडात मूग धरले ते धरलेच. छापखान्यात प्रूफं तपासायची नोकरी केली. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा करत चौदा वर्षं काढली. दर महिन्याला पप्पांच्या पुढ्यात, भिंतीकडे तोंड करून, चिडचिडीची आणि आळसाची कबुली दिली. त्या खोट्याची नाही. पप्पांनीही कधी विचारलं नाही. हातावर बिल्ला ठेवायचे आणि म्हणायचे, जा बाळा.

मग पप्पा गेले. झोपेतच. सत्तर वर्षांचे होते.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, एवढं निर्मळ मन मी पाहिलं नाही. लोक हुंदके देत होते. तीही रडत होती. प्रेम नव्हतं असं नाही. तिला सायकल शिकवणारा, तापात रात्रभर उशाशी बसणारा बाप होता तो. म्हणूनच तर संताप जास्त. परका असता तर कधीच थुंकून मोकळी झाली असती.

नवव्या दिवशी सकाळी पहिल्यांदा ऐकू आलं.

ती ओट्यापाशी उभी होती. चहा उकळत होता.

ठण... ठण...

नळाच्या पाईपवर. मग शांतता. जसं कुणी ऐकत असावं.

ठण... ठण...

खिडकीच्या गजांवर. खालून वर. डावीकडून उजवीकडे.

तिने गॅस बंद केला. हा क्रम तिला पाठ होता. लहानपणी ती पप्पांच्या मागे मागे फिरायची, घरातल्या बादल्या ठोकत.

हातोडी पलंगाखालच्या पेटीत होती. फडक्यात गुंडाळलेली. तिने उघडून पाहिली. जागेवरच होती.

आणि पलीकडच्या खोलीत कपाटाच्या दारावर...

ठण... ठण...

तेव्हापासून रोज सकाळी. कधी पाण्याची टाकी, कधी लोखंडी जिना, कधी शिवणयंत्राचा पाय. रोज थोडं पुढं. घरातलं सगळं घंटेसारखं वाजत होतं. सगळं धड होतं.

सोळाव्या दिवशी ती टेबलापाशी प्रूफं वाचत बसली होती. स्टीलची खुर्ची. पाठीमागे, अगदी खांद्यांच्या मध्ये, खुर्चीच्या दांडीवर...

थप.

ती हलली नाही.

थप... थप...

बसका आवाज. तडा गेलेल्या पत्र्याचा.

ती उठली. खुर्ची उलटी केली, सांधा न् सांधा तपासला. कुठंच तडा नव्हता. बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. छान वाजली. मग ती पुन्हा बसली, आणि पुन्हा...

थप.

तिला भीती वाटायला हवी होती. तिच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

"मला तपासताय?" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "तुम्ही? मला?"

त्याच संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो दूर असतो, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"ताई, पाटीचा मजकूर पाठवलाय. डोळ्याखालून घाल. शनिवारी दगड येतोय, रविवारी उपासनेनंतर भिंतीत बसवायचा."

तिने वाचलं. प्रार्थनामंदिराच्या भिंतीत कायमची बसणारी पाटी. 'ज्यांनी अनेकांना सत्याकडे नेले आणि जे स्वतः निष्कलंक राहिले.'

"काना-मात्रा चुकली का कुठं?"

"नाही."

"मग झालं तर."

"एक शब्द चुकलाय."

"कुठला?"

तिने लाल पेन उचललं, परत खाली ठेवलं.

"ताई, तू पण ना. पप्पा गेले तरी त्यांच्यात चुका काढायची तुझी सवय जात नाही."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तो शब्द बघत बसली. एकदा दगडात कोरला की संपलं. पप्पा निष्कलंक, आणि काका दारुडे. ज्यांना खरं ठाऊक होतं त्यातला मॅनेजर कधीच मेला होता. काकांच्या बायकोकडे, मावशींकडे, नवऱ्याच्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता. आता फक्त ती उरली होती.

रविवारला पाच दिवस होते.

ती बोलली नाही. खरं सांगायचं तर तिने ठरवलं होतं, बोलायचंच नाही. मेलेल्याची लक्तरं कशाला वेशीवर टांगायची?

आणि शनिवार आला.

नवा पंच निवडला नव्हता, म्हणून चार वाजता पाळकसाहेबच कबुली ऐकणार होते. खोली झाडून-पुसून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. सव्वातीनला तिने कुलूप काढलं. टेबलावर पांढरं कापड घातलं. एक खुर्ची टेबलामागे, दुसरी भिंतीकडे तोंड करून. मग ती कोपऱ्यातल्या कपाटातून बिल्ल्यांची पेटी काढायला वळली.

मागे खुर्ची सरकली.

फरशीवरून... सावकाश...

ती वळली.

टेबलामागची, पंचाची खुर्ची बाहेर ओढलेली होती. तिच्याकडे तोंड करून. कुणी पाहुण्याला 'बसा' म्हणून पुढं करावी तशी.

खोलीत कुणी नव्हतं.

मग वास आला. ओल्या लोखंडाचा, काजळीचा, तेलकट. पप्पा बॉयलरमधून बाहेर आल्यावर त्यांच्या सदऱ्याला यायचा तो.

आणि भिंतीकडच्या खुर्चीची वेताची बैठक...

हळूहळू खाली गेली.

करकरली. थांबली.

कुणीतरी बसलं होतं.

तिच्या हातातली पेटी खळखळली.

भिंतीच्या दिशेने घसा खाकरल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा. कबुलीच्या आधी सगळेच घसा खाकरतात. आणि हा घसा तिच्या ओळखीचा होता.

तिला कळलं. पप्पांना बोलायचं होतं. आणि ऐकायला त्यांनी तिला निवडलं होतं.

ती दोन पावलं पंचाच्या खुर्चीकडे गेलीही. बसावं, ऐकावं, 'झालं पप्पा, जा आता' म्हणावं, रडावं. बापच तो.

मग तिला वेताची ती खाली गेलेली बैठक दिसली. याच बैठकीवर काका बसायचे, भाजलेल्या पाठीला टेकता येत नव्हतं म्हणून पुढं वाकून.

"नाही," ती म्हणाली.

शांतता.

"मला काय सांगणार? मी दारात होते. डबा होता माझ्या हातात. मला सांगितलं की घरातल्या घरात मिटलं. तेच हवंय ना तुम्हाला? मरूनसुद्धा घरातच मिटवायचंय."

भिंतीकडून श्वास ऐकू येत होता. जड, अडकणारा.

"त्या माणसाला चोवीस वेळा इथं बसवलंत. चोवीस वेळा. आणि मला म्हणायचात, जा बाळा."

बैठक करकरली. उठायला बघत असल्यासारखी.

"बसा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "उठायचं नाही. आलेच मी."

तिने बाहेरून कुलूप घातलं. भुताला कुलूप! नंतर तिलाच हसू आलं. तेव्हा नाही आलं.

मावशींचं घर मागच्या गल्लीत. दार उघडंच होतं. मावशी इस्त्री करत होत्या. सत्तरीला टेकलेली बाई, पण हात यंत्रासारखा चालत होता. शेजारी गरम शर्टांचा ढीग.

"कपडे आणलेस का?" वर न बघता त्या म्हणाल्या.

"नाही मावशी."

"मग?"

"चौदा वर्षांपूर्वी मी खोटं बोलले. पप्पा लाँड्रीत गेले नव्हते. सही त्यांनी मागच्या खोलीत बसून केली. मी पाहिली."

इस्त्री थांबली नाही. कॉलर झाली, बाही झाली.

"ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला..."

"माझा माणूस खोटं बोलत नव्हता, म्हणजे तू बोललीस. हिशेब अवघड आहे का? पाच मिनिटांचा रस्ता आहे तुझ्या घरापासून इथपर्यंत. चौदा वर्षं लागली. वाटेत कुठं चहाला थांबली होतीस?"

मावशींनी शर्ट उलटा केला.

"आणि आज काय? उद्या पाटी लागणार म्हणून झोप लागेना?"

मग तिने सगळं सांगितलं. पाईप, गज, खुर्ची. सांगताना वाटत होतं, आता या हाकलून देतील. मावशींनी इस्त्री उभी केली. बटण बंद केलं.

"म्हणजे तो तिथं बसलाय. भिंतीकडे तोंड करून."

"हो."

"माझ्या माणसाच्या खुर्चीवर."

"हो, मावशी."

मावशींनी पदराला हात पुसले. "चल."

कुलूप उघडलं तेव्हा तो वास दारातच अंगावर आला. मावशी उंबऱ्यात थबकल्या. त्यांनाही आला असावा, कारण त्यांनी पदर नाकाला लावला आणि लगेच काढला. भट्टीवाल्याची बायको ती. तो वास तिच्याही घरात कधीकाळी रोज यायचा.

खुर्चीची बैठक अजून खालीच होती.

मावशींनी ती नीट पाहिली. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"हाच पोपडा," त्या म्हणाल्या. "माझा माणूस म्हणायचा, भिंतीवर एक पोपडा आहे, त्याचा नकाशा मला पाठ झालाय."

त्या टेबलाला वळसा घालून गेल्या. पंचाची खुर्ची ओढली. बसल्या. चौदा वर्षं शेवटच्या बाकावर बसलेली बाई, पण अशी बसली जशी ती खुर्ची तिचीच असावी.

"तू बाहेर थांब. दार लावून घे."

"मावशी, एकट्या..."

"एकटी कुठं आहे मी?"

ती बाहेर आली. दार लावलं. पावणेचार झाले होते.

थोड्या वेळाने पाळकसाहेब आले. हसरा, स्थूल माणूस. घाम पुसत म्हणाले, "आज माझ्या आधीच कुणी बसलं वाटतं? बेकार व्हायची वेळ आली माझ्यावर."

"मावशी आहेत."

"कोण, शेवटच्या बाकावरच्या?" ते चमकले. "आणि ऐकतंय कोण?"

"त्याच ऐकतायत."

ते काही म्हणणार, तेवढ्यात आतून मावशींचा आवाज आला. शांत. कोरडा.

"मोठ्यानं."

मग काहीच नाही. मिनिट. दोन मिनिटं.

"आणि मग?"

पुन्हा शांतता. लांब...

"त्या दोघींची नावं घे."

पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्यांनी मान तिरकी करून कान दिला. आणि आतून... अगदी हळू... पुरुषाचा खोकला आला.

"आत पुरुष कोण आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एकवीस वर्षं पप्पांच्या शेजारी उभं राहून त्यांनी भाकर मोडली होती. खोकला त्यांच्याही ओळखीचा होता.

साडेचारला दार उघडलं. मावशी बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक, पण पावलं सरळ. मागे खोली रिकामी होती, वास नव्हता, आणि वेताची बैठक वर आलेली होती.

"मावशी... काय म्हणाले?"

"कबुलीतलं बाहेर सांगत नाहीत. तुझ्या बापानेच शिकवलंय सगळ्यांना."

"माफ केलंत?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "ऐकलं. ऐकणं वेगळं, माफ करणं वेगळं. आणि तू मला घरात येऊन कानात सांगितलंस, ते पुरेसं आहे असं समजू नकोस. खोटं कुणाकुणासमोर बोललीस?"

"सगळ्यांसमोर."

"मग?"

रविवारी उपासना संपली. दगड पुढं आणून ठेवला होता, फडक्याने झाकलेला. भाऊ आदल्या रात्रीच आला होता, नवा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसला होता. ती उठली आणि पुढं गेली. लोकांना वाटलं, वडिलांबद्दल दोन शब्द बोलेल.

बोलली.

सही कुठं झाली ते सांगितलं. तारीख, वेळ, डब्यात काय होतं तेसुद्धा. आपण चौकशीत काय म्हणालो, ते शब्दशः सांगितलं. काकांचा चोवीस वेळा नाकारलेला बिल्ला सांगितला. रडली नाही. रडली असती तर लोकांनी तिलाच सावरलं असतं, आणि ते तिला नको होतं.

"गेलेल्या माणसावर चिखल उडवतेस," एक म्हातारे गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले. "तो उत्तर द्यायला नाही."

"काकाही नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी जिवंतपणी उत्तर दिलं होतं. तेव्हा तुम्ही इथंच बसला होतात."

भाऊ उठून बाहेर गेला. अजून फोन उचलत नाही.

पाळकसाहेबांनी बिल्ल्यांच्या पेटीतून एक बिल्ला काढला. मधल्या वाटेने शेवटच्या बाकापर्यंत चालत गेले आणि मावशींपुढे धरला.

"हा माझा नाही," मावशी म्हणाल्या. "याचा मालक मागे, कबरस्थानात आहे."

त्यांनी तो घेतला. काकांच्या कबरीवरच्या मातीत बोटाने खळगा करून पुरला. मग घरी जाऊन उरलेले शर्ट संपवले.

दगड बसवला नाही. नोटीस फलकावर काकांचं नाव लागलं, आणि खाली ते निर्दोष होते हे सांगणाऱ्या चार ओळी. प्रूफ तिनेच वाचलं.

सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी उभी राहिली. चहा उकळला. पाईप गप्प. गज गप्प. स्टीलच्या खुर्चीवर तासभर बसून राहिली.

काही नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती.

त्या आठवड्यात मावशी आल्या. "मागच्या खोलीची किल्ली दे. शनिवारपुरती."

"प्रभुभोजन तर पुढच्या महिन्यात..."

"मला ठाऊक आहे ते कधी असतं."

तिने दिली. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

शनिवारी चार वाजता मावशी आत गेल्या. पुढच्या शनिवारीही. त्याच्या पुढच्याही. तपासणीच्या शनिवारी चारच्या ऐवजी तीनला जातात, बाकीच्यांच्या आधी. एक तास. बाहेर येतात, दाराला कुलूप लावतात, घरी जातात.

महिन्याभराने तिने त्यांना वाटेत गाठलं.

"मावशी, तुम्ही तिथं काय करता?"

"ऐकते."

"अजून? सगळं सांगितलं नाही का त्यांनी?"

"सांगितलं. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"पुन्हा सांगायला लावते. पहिल्यापासून." मावशी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, भाजी काय केली हे सांगावं तशा. "सही, पेन, मॅनेजर. मग त्या दोघी. मग माझा माणूस. मध्ये चुकला की पहिल्यापासून. माझ्या माणसाला किती वेळा बसवलं होतं, तूच बोललीस ना भर मंडळीत?"

चोवीस.

तिने मोजायला सुरुवात केली. तिला वाटलं, हे न्यायाला धरून आहे. चोवीस शनिवार. मग मावशी किल्ली परत देतील, आणि पप्पा... जिथं जायचं तिथं जातील.

चोविसावा शनिवार पावसाळा संपता संपता झाला. ती घरात बसून राहिली. पाच वाजले. सहा वाजले. मावशी किल्ली घेऊन आल्या नाहीत.

पंचविसाव्या शनिवारी ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वास दाराच्या फटीतून बाहेर येत होता, आता पूर्वीपेक्षा पुसट. आत बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग वेत करकरला, आणि एक आवाज आला. बाईचा नव्हता. शब्द नव्हते त्यात. तापात माणूस कण्हतो तसा.

"नाही," मावशी म्हणाल्या. "पुन्हा विचार कर."

तिचा हात कडीवर गेला होता. तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. दार उघडता येतं. 'पुरे आता' म्हणता येतं. पाळकसाहेबांना सांगता येतं. पण मावशी आत असेपर्यंत ते हल्ली मागच्या बाजूला फिरकतच नाहीत.

तिने हात काढून घेतला.

आज पस्तिसावा शनिवार होता. किल्ली अजून परत आलेली नाही. मावशींची तब्येत ठणठणीत आहे.